नसंल तर उंब्रज

कुठलीही गोष्ट एकदाची पक्की लिहून टाकायला इतका घाबरणारा माणूस सातारा-सांगलीच्या टापूत दुसरा जन्मलेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! हा आमच्या ताईचा धाकटा दीर. पुण्याची नोकरी सोडून उंब्रजला आला आणि खताच्या दुकानाच्या माडीवर संगणक मांडून बसला. चहा सांगतानासुद्धा, "दुधाचा आण, दूध नसंल तर कोरा." चुलतबहिणीच्या लग्नपत्रिकेचं काम त्याच्याकडं दिलं, तर पठ्ठ्यानं स्थळापुढं छापलं, 'फोन करून विचारावे'. का? तर ऐनवेळी कार्यालय बदललं तर पत्रिका वाया जायला नको! लग्नाच्या दिवशी नवरीच्या बापाचा एक कान फोनला आणि दुसरा सनईला. मामा तर अक्षता पडून गेल्यावर पोचले, ते अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

हे खूळ त्याच्या प्रोग्राम लिहायच्या धंद्यातलं. मला त्यानं किती उत्साहानं समजावलं होतं! "पाव्हणं, प्रोग्रामच्या फाईलीत गाव, पासवर्ड असलं काही लिहायचंच न्हाई. तिथं नुसती जागा सोडायची. ज्या संगणकावर प्रोग्राम चालंल, त्यानं आपल्याजवळचं नाव तिथं भरायचं. एकच फाईल उंब्रजला चालती आन् महाबळेश्वरलाबी!" याला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात म्हणे. मी विचारलं, "आणि त्या संगणकात नाव भरलेलंच नसलं तर?" गडी खुलला. "त्याचीबी सोय हाय की! 'नसंल तर हे घे' असं शेजारीच लिवून ठेवायचं."

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवाल्यांनी त्याला पहिलं मोठं काम दिलं. माल उचलायला ट्रक कुठं उभा राहणार, ते रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर कळवायचं. हे काम फसलं तर पुन्हा पुण्याची वाट धरीन, असं तो आईला सांगून बसला होता. ती माउली देव पाण्यात ठेवून होती.

काम सुरू झालं त्या सकाळी मी नेमका ताईकडं होतो. आम्ही चहा घेतोय तोच दारात जीपगाड्यांची ही रांग! सगळ्या स्ट्रॉबेरीनं भरलेल्या, आळीभर घमघमाट. त्याची आई ओरडली, "आरं, हे काय रं?" पुढच्या जीपमधले म्हातारबा उतरले. "आवं, तुमच्या पोरानंच मेसेज धाडला न्हवं, ट्रक उंब्रजला तुमच्या दारात लागणार म्हणून! आमाला वाटलं, हायवेला मोठी गाडी मिळाली असंल. घाट उतरून आलो की!"

झालं होतं असं, की महाबळेश्वरच्या संगणकात गावाचं नाव भरायचंच राहिलं. संगणकानं मग मुकाट्यानं शेजारचं 'नसंल तर' उचललं, आणि तिथं यानं चाचणीसाठी आपलंच घर लिहिलेलं! ट्रक बिचारा महाबळेश्वरात उभा. तो बोलावला, पण येईपर्यंत ऊन चढणार, माल मऊ पडणार. मग काय विचारता! पेट्या सोप्यात, देवघरात, गोठ्यात. ताईनं घरातले सगळे पंखे लावले, शेजारणींनी पेट्यांवर ओली लुगडी घातली, मी ओट्यावर बादल्या ओतत सुटलो. ट्रक आला आणि माल शाबूत निघाला, तेव्हा आळीनं टाळ्या वाजवल्या.

हा मात्र मान खाली घालून उभा. "चूक माझी हाय, काका. नाव नसंल तर प्रोग्राम बंद पडाया पायजे हुता, बोंब मारायला पायजे हुती. खोटं गाव सांगायला नको हुतं."

म्हातारबांनी त्याच्या पाठीत एक धपका घातला. "मग चल वर महाबळेश्वरला. तुझ्या हातानं नाव भर, आन् उद्या सकाळी आमच्यासंगं हुबा ऱ्हा." तो तसाच, अंगावरच्या कपड्यांनिशी जीपमध्ये चढला.

काम वाचलं. इतकं जमलं, की आता त्यानं तिथंच खोली घेतलीय. परवा उंब्रजला गेलो, माडीला कुलूप होतं. मी त्याच्या आईला म्हटलं, "पुण्याला गेला नाही ना? झालं तर मग!"

"व्हय," ती म्हणाली, "जवळच हाय की." आणि सवयीनं वाढलेलं त्याचं ताट तिनं हळूच माझ्यापुढं सरकवलं.