झाकण मिटल्यावर गेलेले फोटो

घरात ती थोरली सून. धाकटा दीर तिला वहिनी म्हणायचा. इंटरनेटवरचं पहिलं खातं त्यानेच उघडून दिलं होतं, त्यामुळे तिथेही ती 'वहिनी'च झाली. जगभरातले प्रोग्रामर 'मिस वहिनी' असं आदराने लिहायचे. तिने कधी कोणाला समजावलं नाही.

नोकरी विमा कंपनीत. सुट्टीच्या दिवशी ती एका मोफत सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला बसायची. ते संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवायचं. त्याचा कोड सगळ्यांना खुला होता, कोणीही हात लावावा. आतल्या आणि बाहेरच्या संगणकाने एकच सामायिक फोल्डर वापरायचा, तेवढा भाग तिच्याकडे होता.

दिराचा फोटो स्टुडिओ होता. त्याचा रिटचिंगचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना, म्हणून तिने हेच सॉफ्टवेअर बसवून दिलं. वर्षभर सुरळीत चाललं. मग एका गिऱ्हाइकाच्या वारलेल्या आईचे फोटो आले, पाण्याने डागाळलेले. दिराने आठवडाभर डोळे फोडून ते साफ केले, त्या सामायिक फोल्डरमध्ये सेव्ह केले, लॅपटॉप मिटला आणि जेवायला गेला. परत येऊन बघतो तर फाइली होत्या, पण रिकाम्या.

"सेव्ह झालं म्हणून सांगत होतं, वहिनी!"

"भावजी, बघते मी."

"काय बघणार? फुकटचं ते फुकटचंच."

तिला लागलं.

दोन रविवार ती लॅपटॉपचं झाकण मिटत-उघडत बसली.

"वारा घालतेस का त्याला?" नवऱ्याने विचारलं.

तिसऱ्या रविवारी सापडलं. झाकण मिटलं की आतल्या संगणकाचा बाहेरच्याशी संबंध तुटायचा. पुन्हा जुळला की वाटेत अडकलेला मजकूर सॉफ्टवेअर गुपचूप टाकून द्यायचं, आणि चूक झाल्याचं कोणालाच कळवायचं नाही. तिने दुरुस्ती पाठवली. प्रकल्पाचा प्रमुख खडूस म्हातारा होता. त्याने ती परत पाठवली: संथ नेटवर्कवर यामुळे सगळंच अडकून बसतंय. त्याचं बरोबर होतं. तिने पुन्हा लिहिली. या वेळी त्याने 'घेतली' एवढंच कळवलं.

ती स्टुडिओत गेली.

"सापडलं, भावजी. आता असं कोणाचं होणार नाही."

"आणि माझे फोटो?"

"ते गेले."

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली. त्या बाईंची अर्धी हनुवटी साफ झाली होती. "पुन्हा करायला घेतलेत," तो म्हणाला. "बसा. चहा सांगतो."

चहा झाला. पण तो सामायिक फोल्डर त्याने पुन्हा वापरला नाही, फाइली पेनड्राइव्हवरूनच नेत राहिला. तिनेही गळ घातली नाही. घरी येऊन तिने प्रकल्पाच्या यादीतली पुढची तक्रार उघडली. कोणाच्या तरी फाइलींच्या नावांत भलतीच अक्षरं दिसत होती.