गुंडाळीतलं नाटक

रविवारच्या वर्गाची तयारी मी शनिवारी संध्याकाळी करते. खडू, झेरॉक्स, पिण्याच्या पाण्याचा जार आणि उद्या कोणत्या भागात नळाला पाणी सुटणार याची चौकशी. सोलापुरात ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ज्यांच्याकडे पाणी येणार ते वर्गाला येत नाहीत, आणि मी त्यांना काही बोलत नाही, कारण माझ्याकडे पाणी येणार असेल तेव्हा वर्ग मीच दुपारवर ढकलते.

नोकरी सांभाळून बाहेरून बी.ए. करणाऱ्यांचा हा वर्ग. एका प्राथमिक शाळेच्या खोलीत भरतो. बाकं पहिलीच्या मुलांची, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीशी. मी इंग्रजी शिकवते. त्यातल्या एका पेपरला सगळे टरकून असतात: एलिझाबेथकालीन नाटक आणि कविता. चारशे वर्षांपूर्वीची इंग्रजी. आजचीच धड येत नाही, ती कशी यायची, असं प्रत्येक नव्या तुकडीत कुणीतरी विचारतंच.

त्या वर्षी वर्गात मैंदर्गीहून एक अंगणवाडी सेविका येत. सगळे त्यांना ताई म्हणत. बाकीचे विषय त्यांनी कधीच काढले होते. हा एक पेपर दोनदा राहिला होता. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी पदवी लागते आणि वयाचीही अट असते. ताईंच्या बाबतीत ती अट इतकी जवळ आली होती की ही परीक्षा गेली तर जागाही गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हे सांगितलं आणि मग महिनाभर वर्गात तोंड उघडलं नाही.

त्यांच्या जुन्या उत्तरांच्या वह्या मी पाहिल्या. अक्षर मोत्यासारखं, मजकूर गाईडमधला, स्वल्पविरामासकट. कुठल्याही नाटकातली नायिका असो, ती सोशिक, संयमी आणि मितभाषी. मला तर वाटायला लागलं की त्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात एकच बाई होती आणि तीच सगळ्या नाटकांत कामं करत होती.

कविता मी आधी उरकली. त्या कवितेची चाल सोपी असते: एक हलका ठोका, एक जड ठोका, अशा पाच जोड्यांची ओळ. अर्थ नंतर, आधी बाकावर तळहात, असं मी सांगितलं. मला हे नीट जमेना. माझे जड ठोके हलक्याच्या जागी पडत. ताई उठल्या, लहान मुलांना बडबडगीतावर टाळ्या वाजवायला लावतात तशा पुढे उभ्या राहिल्या आणि सगळ्या वर्गाला त्यांनी तालात आणलं. थोड्या वेळाने शाळेचा शिपाई धावत आला. "मॅडम, काय मोडलं?"

नाटक मात्र अडलं. एकेकाला उभं करून वाचायला सांगितलं की सगळे एकाच सुरात वाचत, राजा असो की भालदार. मग मी ठरवलं, त्या काळच्या नाटक कंपन्या जसं करत तसंच करायचं. तेव्हा नटाला पूर्ण नाटक मिळत नसे. कागद महाग आणि दुसरी कंपनी नाटक पळवेल ही भीती. प्रत्येकाला फक्त आपली वाक्यं, एका लांब पट्टीवर, गुंडाळी करून. प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. ते कानावर पडले की आपण सुरू व्हायचं. समोरचा त्याआधी काय बोलणार, किती बोलणार, काही माहीत नाही.

"म्हंजे आमच्यासारखंच," करमाळ्याकडचे एक एसटी कंडक्टर म्हणाले. "आमाला बी आपली ड्युटी तेवढी कळती. पुढचं सायबाला ठाव."

मी शनिवारभर कात्री आणि डिंक घेऊन बसले. वर इंग्रजी वाक्य, खाली त्याचं साधं मराठी. गोष्ट एवढीच सांगितली: एक मुलगी पुरुषाचे कपडे घालून व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते, आणि व्यापारी तिला पुरुष समजून बायकांविषयी चार गोष्टी ऐकवतो. त्या काळी इंग्लंडात बायका रंगमंचावर येत नसत, हेही सांगितलं. म्हणजे मुलगा मुलीचं काम करणार आणि ती मुलगी मुलाचं सोंग घेणार.

"शेवटी पोरगाच की!" कंडक्टर म्हणाले. "कपड्याचा खर्च वाचला."

त्यांना व्यापारी दिला, कारण आवाज. मुलगी ताईंना दिली. त्या नको नको म्हणत होत्या, पण गुंडाळी आधीच त्यांच्या हातात होती.

आधी मराठीतून घेतलं. कंडक्टर फळ्यापुढे उभे राहिले आणि बायकांनी कमी बोलावं, ऐकून घ्यावं, असं खड्या आवाजात सांगू लागले. मग म्हणाले, "एवढंच सांगायचं होतं."

ताईंच्या पट्टीवर खुणेचे तेच शब्द होते. त्यांनी लगेच सुरुवात केली, "मालक, मला वाटतं..."

"थांबा की ताई! माझं संपलं न्हाय अजून."

कंडक्टरांनी आणखी चार वाक्यं ऐकवली आणि परत आलं, "एवढंच सांगायचं होतं."

"मालक, मला वाटतं..."

"अवो, हाय की अजून!"

"मग एवढंच एवढंच कशाला म्हणता सारखं?" ताई कडाडल्या. महिनाभर न ऐकलेला तो आवाज खिडकीबाहेर गेला. "येकदा काय ते सांगून मोकळं व्हा की!"

वर्ग हसून लोळला. शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई डोळे पुसत म्हणाली, "आमच्या घरात पण असंच आहे. शेवटचं सांगतो म्हणतात, जेवण गार होतं."

मला वाटलं, पट्ट्या कापताना माझंच काहीतरी चुकलं. पुस्तक उघडून बोट ठेवत गेले. चुकलं नव्हतं. मूळ इंग्रजीतही व्यापारी तेच शब्द तीनदा म्हणतो. मी ते अनेक वर्षं शिकवत होते आणि मला तो नुसता बोलघेवडेपणा वाटत होता. ताई माझ्या खांद्यावरून पाहत होत्या.

"म्हंजे लिवणाऱ्यानं मुद्दाम केलंय की, मॅडम," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला दम निघत न्हाय. तिला उत्तर द्यायचंय आन् ह्यो संपवंना. तिनं मदी मदी तोंड घालावं म्हणूनच दिलंय हे." मग जरा थांबून, "पर गाईडात ती सोशिक हाय."

"गाईड लिहिणाऱ्याला गुंडाळी मिळाली नव्हती," मी म्हणाले.

पुढे त्यांनी तोच प्रसंग इंग्रजीतून केला, अडखळत, पण दोन्ही वेळा बरोबर चुकीच्या जागी तोंड घातलं.

परीक्षेच्या आदल्या रविवारी ताई जिन्यात थांबल्या. "मॅडम, नायिकेचा स्वभाव आला तर काय लिवू? गाईडातलं लिवलं तर चुकलं म्हणणार न्हाईत. हे लिवलं आन् मार्क कापलं तर?"

मला पटकन उत्तर देण्याची सवय आहे, पण हा प्रश्न तसा नव्हता. जागा त्यांची जाणार होती, माझी नव्हे. शेवटी म्हणाले, "गाईडातलं दोनदा लिहून झालंय, ताई. या वेळी तुम्हाला दिसलं ते लिहा. फक्त पुराव्याला वाक्यं द्या. तीनदा काय म्हणतो ते, आणि ती कुठे कुठे मध्ये बोलते ते."

परीक्षेत तोच प्रश्न आला. त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी मी शेंगदाणे भाजत होते तेव्हा फोन वाजला. ताई अंगणवाडीतून बोलत होत्या. "मॅडम, निकाल लागला," म्हणाल्या, आणि मागे कुणीतरी पोर रडायला लागलं म्हणून थांबल्या. ते थांबणं मला बरं वाटलं नाही. मी गॅस बंद केला आणि धीर द्यायला लागले.

"ताई, हे बघा, खचायचं नाही. पेपर पुन्हा तपासायला अर्ज करता येतो. मी फॉर्म भरून देते. वयाच्या अटीचंही आपण ऑफिसात जाऊन विचारू. एवढंच सांगायचं होतं."

"मॅडम, पास..."

"आणि गाईडातलं लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं मनातसुद्धा आणायचं नाही. चूक असेल तर माझी. एवढंच सांगायचं होतं मला."

"अवो मॅडम, पास झाले म्हणते की! तुमचं संपायचं कवा?"

तिकडे रडणारं पोर थांबलं होतं आणि सगळी अंगणवाडी, काय ते न कळता, टाळ्या वाजवत ओरडत होती, "पास झाले! पास झाले!" ताल अगदी बरोबर होता.