पूजेला बसवलेला डबा

श्रावणात वडील काशाप्पा वारले तेव्हा मल्लेश रडला नाही. दिवस उरकून त्यानं जनवाड्याच्या घराला कुलूप लावलं, आई अनसाबाईला गुलबर्ग्याला आणलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आपल्या कॉम्प्युटरच्या कामावर गेला.

त्या दवाखान्यातले एक्स-रे, स्कॅन तीन मशिनींत साठत. एकीतल्या फोटोची नक्कल दुसरीतही जाई. या नकलांसाठी मल्लेशनं वेगळ्या वायरी ओढून त्या एका छोट्या स्विचला, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणाऱ्या डब्याला, लावल्या होत्या. डॉक्टरांचे कॉम्प्युटर दुसऱ्या स्विचवर. नकलांची ही आतली वाट कधी बंद पडलीच, तर नकला डॉक्टरांच्या वाटेनं जाव्यात, ही सोयही त्याचीच.

खंडेनवमीच्या पूजेला तो मशिनींच्या खोलीकडं फिरकला नाही. वर्षाच्या आत त्यांना सण नव्हता. तशात अनसाबाई सकाळी न्हाणीत पडली, डोक्याला मार लागला. स्कॅन झाला, पण डॉक्टरांच्या पडद्यावर उघडेना. आत रक्त साचलं असेल तर लगेच ऑपरेशन, म्हणाले. बघितल्याशिवाय काही करता येत नव्हतं.

मल्लेश खोलीत गेला. एका मशिनीची डिस्क गेली होती. उरलेल्या दोघी तिच्यातलं सगळं एकमेकींकडच्या नकलांवरून पुन्हा उतरवून घेत होत्या, आणि तो सगळा लोंढा डॉक्टरांच्याच वायरींवरून चालला होता. छोटा स्विच पाटावर होता. हळदकुंकू, लिंबू, झेंडूची माळ.

इलेक्ट्रिशियन गुरुबसव दारात आला. दवाखाना काही बंद ठेवता येत नाही, म्हणून ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही तेवढाच डबा पूजेला उतरवला, असं तो सांगू लागला. काढून बघितला होता. सगळं चालूच होतं.

"उद्यापतोर हलवू नये, अण्णा. आन तुमी तर यंदा शिवायचंच न्हाई."

"मग तू लाव."

गुरुबसव एक पाऊल मागं सरला. मल्लेशनं माळ काढली, डबा उचलला, वायरी एकेक करून बसवल्या. हिरवे दिवे लुकलुकायला लागले.

तो वर गेला तेव्हा पडद्यावर आईच्या डोक्याचा स्कॅन उघडला होता. रक्त नाही, डॉक्टर म्हणाले. लिफ्ट आली असं कुणी सांगावं, तसं त्यानं ते ऐकलं.

अनसाबाईनं त्याचा हात हातात घेतला. "बोटाला कुकू कुठलं रे? आपल्याला यंदा सण न्हाई की."

"कामातलं हाय," तो म्हणाला, आणि बोट पँटला पुसलं.