भाचीच्या लग्नाची माही साक्ष

शाळेत मी एकच दिवस गेलतो. मास्तरनं बाहेर बसवलं, मंग दुसऱ्या दिवसापासून मी बाहेरच राह्यलो. अक्षरं म्या चाळिशी उलटल्यावर गिरवली, तेही एका वकिलाच्या बोर्डावरून. म्हनून अजूनही लिहाले बसलो की 'वकील' हा शब्द झोकात येते, बाकीचे लंगडत येते.

बोर्ड आमच्याच वस्तीतल्या पोराचा होता. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली. देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढनं सोडलं, म्या माहं डफडं चुलीत घातलं. डफडं गेल्यावर लग्नात माहं एकच काम उरलं, लोकाइले हसवाचं. बाकी सालभर कापसाच्या जिनात हमाली. अन् हे पोरगं नागपूरले शिकून वकील होऊन आलं. आमच्यात पह्यलंच. वस्तीनं त्याले हार घालून गावातून फिरवलं. लोकाइले वाटलं सनद म्हंजे गंडा बांधल्यासारखं हाय, आता काहीच डसनार नाही.

पन वकिली शिकाले कोनाच्या तरी हाताखाली बसा लागते म्हने. तालुक्याच्या गावी पाच-सहा वकील होते. एकानं सांगतलं, जागा नाही. दुसऱ्यानं बसू देल्लं, पन पक्षकारं चपला काढते तठी. तीन महिने तो चपला राखत बसला, एक कागद कोनी वाचू देल्ला नाही. शेवटी त्यानं शिंप्याच्या दुकानाच्या बाजूले एक खोली घेतली अन् आपलाच बोर्ड टांगला. कोट जुना घेतलेला, बाह्या मनगटापासून चार बोटं वर.

अन् मी झालो त्याचा मुनशी. त्यानं ठेवला नाही, मीच झालो. जिन बंद असलं की मी एसटीच्या थांब्यावर उभा राहो अन् उतरनाऱ्या मानसाले विचारो, "कोर्टात चालले काय भाऊ?" एकदा एका बुढ्याची पिशवी धरून त्याले खोलीवर आनलं, अर्धा घंटा वकिलाचं कौतुक आयकवलं. बुढा म्हने, "बेटा, मी दातं पाडाले आलतो." वकील हासला. मले म्हने, "काका, राहू द्या. काम येईन तवा येईन." तो मले काका म्हने. त्याच्या बापासोबत मी पोहरा ओढलेला.

मंग माही भाची आली.

बहिनीची एकुलती पोरगी. बाप नाही, मीच तिचं लग्न लावलं होतं, दीक्षेनंतर दोन वर्सानं. महागावाकडचं सासर. आता तिच्या कडेवर दोन वर्साची पोट्टी होती अन् नवऱ्यानं दुसरी घरात आनली होती. हिले म्हने, "निघ. तुह्यासंग लग्न कधी झालं माहं? ना भटजी, ना होम, ना सात पावलं. हार घातले म्हंजे लग्न होते काय?" त्याच्या पोटात काय होतं ते सोपं होतं. लग्न नाही म्हनलं की पोसाचंही नाही.

भाची रडत नव्हती. ती म्हने, "मामा, मी जिनात जाऊन पोट भरीन. पन त्यानं चार मानसात म्हनलं की मी त्याची बायको नव्हतीच. हे मले कोर्टाकून पुसून पाह्यजे."

तिले एका जुन्या वकिलाकडे जाचं होतं. तालुक्यात त्याचं नाव होतं, केस पांढरे, आवाज गोड. म्या म्हनलं, "आपला वकील असतानी दुसऱ्याच्या दारी कायले?"

"मामा, त्याले येते काय?"

"त्याले येत नाही त मंग कोनाले येते? नागपूरहून शिकून आला."

"शिकला ते खरं. पन एखादं काम केलं काय त्यानं?"

म्या म्हनलं, "तुह्यं पह्यलं. पह्यली भाकर करपत नाही, तिच्याकडे ध्यान राह्यते." अन् स्वतःच हासलो. तिनं माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् 'बरं' म्हनलं. पाच दिवसानं आयकलं की जुना वकील तिच्या नवऱ्यानं लावला.

नवा वकील मले खोलीबाहेर घेऊन गेला. म्हने, "काका, या कामात माहा हात बसलेला नाही. यवतमाळले एक म्हातारे वकील हायत, कॉलेजात एकदा बोलाले आलते. त्याइले विचारून येतो. दोन दिवस लागतीन."

मले तेच नको होतं. म्या म्हनलं, "तू विचाराले गेला हे वस्तीत समजलं त लोकं काय म्हनतीन? आपल्या वकिलाले येत नाही म्हनतीन. मंग कोन येईन तुह्याकडे?"

त्यानं बाह्या खाली ओढल्या. गेला नाही.

आजही मी हेच पह्यले आठवतो. शिकनाराले शिकू देल्लं नाही, अन् कोनं, त ज्याले क काढता येत नव्हता त्यानं.

त्यानं घरी बसून रातंदिवस पुस्तकं वाचली. तारखेच्या दोन दिवस आधी आमाले बसवून समजावलं. म्हने, "ते म्हनतीन होम नाही, पावलं नाही. म्हनू द्या. आपन लपवाचं नाही. आपन सांगाचं की आमच्यात दीक्षेपासून लग्न असंच लागते. दोन फोटो मांडले, मेनबत्त्या लावल्या, वंदना झाली, हार घातले, वस्ती जेवली. तुम्ही मामा, पोरीच्या मांगं उभे होते. पाह्यलं तेवढंच सांगा. काका, आयकून राह्यले ना?"

"हाव," म्या म्हनलं. मी त्याच्या बाह्या पाहून राह्यलो होतो. मनात म्हनो, याले नवीन कोट पाह्यजे.

वंदना म्हननारा मानूस तोवर मरून गेलता. साक्षीले आमी दोघंच, भाची अन् मी.

तारखेच्या दिवशी पह्यले तिले आत घेतलं. साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष आयकाची नाही, म्हनून मी बाहेर कडुनिंबाखाली. तिथी चहाच्या गाड्यावर जुन्या वकिलाचा मुनशी उभा होता, खरा मुनशी, कानाले टाक लावलेला. त्यानं मले चहा पाजला. म्हने, "पोरीचं वाईट वाटते गा. पन कायद्याले सात पावलं लागते. सात पावलं नाही त लग्न नाही, भगवान आला तरी."

त्यानं मुद्दाम सांगतलं का सहज, हे मले माहीत नाही. त्याचा दोष मी काढत नाही. चहा म्या पेला.

मले वाटलं, आपला पोरगा नवा, त्याले हे माहीत नसन. अन् आता मले हुशारी चढली. म्या ठरवलं, मी सांभाळून घेतो.

आत गेलो. आपल्या वकिलानं विचारलं ते नीट सांगतलं. मंग जुना वकील उठला.

"आपण मुलीचे मामा?"

"हाव साहेब. एकच मामा हाय तिले, म्हनून पर्याय नाही."

दोघं-तिघं हासले. मले बरं वाटलं. लग्नात जसं वाटे तसं.

"मग लग्नात आपली धावपळ झाली असेल."

"धावपळ म्हंजे साहेब, नवरीपेक्षा मीच जास्त दमलो."

मॅजिस्ट्रेट साहेबही गालात हासले. जुना वकील म्हने, "मग आपल्याला सगळं नीट आठवत असेल. सप्तपदी झाली होती का?"

मी आपल्या वकिलाकडे पाह्यलंच नाही. म्हनलं, "झाली साहेब."

"नक्की?"

"सातची सात. मोजली म्या."

"कशाभोवती?"

"होमाभोवती."

"होम कोणी पेटवला?"

आता भटजी कुठून आनाचा? आमच्या वस्तीत भटजी पावसाळ्यातही कधी वळचनीले थांबला नाही. म्या म्हनलं, "म्याच पेटवला साहेब. सरपन माहंच होतं."

सगळे हासले. जुना वकील हासला नाही. शांतपनी म्हने, "आपली भाची आत्ताच शपथेवर सांगून गेली की होम नव्हता, सप्तपदी नव्हती. ती खोटं बोलली का आपण?"

भाची मांगच्या बाकावर पोट्टीले घेऊन बसली होती. तिनं पोट्टीच्या तोंडात पदराचा कोना देल्ला होता, ती बोलू नये म्हनून. माह्याकडे पाहून राह्यली होती. म्या म्हनलं, "ती घाईत होती साहेब, तिले दिसलं नसन."

यावर कोनीच हासलं नाही.

साहेबानं आपल्या वकिलाले विचारलं, "तुम्हाला आणखी काही विचारायचं आहे?" तो उठला. टेबलावर दोन्ही हात ठेवले. माह्याकडे पाह्यलं, लय वेळ पाह्यलं. मंग म्हने, "नाही साहेब." अन् बसला.

बाहेर आल्यावर म्या उलटं त्यालेच झापलं. "काहून विचारलं नाहीस? मी आनखी सांगतलं असतं."

तो कडुनिंबाच्या पाराले टेकला. म्हने, "काका, मले विचाराचं होतं. 'हे तुम्हाले कोनी सांगतलं? तुम्ही खोटं काहून बोलले?' दोनच सवाल होते. जिभेवर होते. पन भरल्या कोर्टात तुम्हाले खोटं बोलता म्हनाचं... माह्या बापानं आयकलं असतं त काय म्हनला असता? माही जीभ उठली नाही."

म्या त्यावर गंमत केली, की माही इज्जत आधीच जिनाच्या फाटकात अडकून फाटली हाय.

महिन्यानं निकाल लागला. पोट्टी नवऱ्याची, असं साहेबानं मानलं, तिले दर महिन्याले खर्च द्यावा. पन लग्न शाबीत झालं नाही. बायको म्हनून बाईचा अर्ज नामंजूर.

वस्तीतले लोकं म्हने, चला, काही तरी भेटलं. भाचीनं वकिलाले कागद पुन्हा वाचाले लावला. मंग विचारलं, "म्हंजे पोट्टी त्याची, अन् मी त्याची कोनी नाही?"

"कागदावर तसं हाय, बाई."

"मंग पोट्टी कशी झाली, हे लोकं मले इचारतीन. त्याले नाही."

तिनं तो खर्च कधी उचलला नाही. जिनात कापूस निवडाले लागली, माह्याच पाळीत. डब्बा खाताना माह्यापासी बसे, बोले. पन म्या काही गंमत केली की ती आपला डब्बा झाकाले लागे.

आता वकील यवतमाळले गेला. जे आधी जाचं होतं ते. मलेही संग नेलं. ते म्हातारे वकील ओट्यावर बसले होते, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. सगळे कागद वाचले. आवाज चढवला नाही. पोराले म्हने, "मामांची साक्ष झाली त्या दिवशी संध्याकाळी का नाही आलास? दुसऱ्या दिवशी का नाही आलास? तुमची पद्धत सांगणारी दहा म्हातारी माणसं वस्तीत असतील. एकाला तरी उभं केलंस का?"

पोरगा मान खाली घालून उभा. मी त्याच्या मांगं उभा, लग्नात उभा होतो तसा.

मंग ते माह्याकडे वळले. म्हने, वरच्या कोर्टात प्रयत्न करता येईन. पन कागदावर मामाचं बोलनं हाय, ते मामानंच खोडा लागन. लिहून द्या लागन की मी खोटं बोललो.

म्या विचारलं, "मले जेल होईन काय साहेब?"

"होऊ शकते. होईलच असं नाही."

मी अंगठा नाही देल्ला. म्या म्हनलं, घरी विचारून येतो. घरी कोन होतं माह्या? बायको मरून सहा वर्सं झाली होती. येताना एसटीत मी डायव्हरची नक्कल केली, समोरचे उतारू हासले. वकील खिडकीतून बाहेर पाहत होता. मुदत होती तेवढी गेली. भाचीनं मले त्याबद्दल कधी विचारलं नाही. वकिलानं तिले सांगतलं असन, का नसन, हेही मले माहीत नाही. विचाराची हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसानं त्यानं बोर्ड काढला. म्हने, "मी यवतमाळले त्या म्हाताऱ्याइच्या हाताखाली बसतो. आधी बसाले पाह्यजे होतं." वस्ती नाराज झाली. आपला वकील पळाला, म्हने. म्या कोनाले सांगतलं नाही की पळालं कोन. बोर्ड माह्या घरी ठेवला. दोन वर्सं तो भिंतीले टेकून होता, तवाच म्या त्याच्यावरची अक्षरं राखेत बोटानं गिरवली.

तो परत आला तवा बाह्या बरोबर होत्या. बोर्ड पुन्हा टांगला. म्या थांब्यावर उभं राहनं सोडून देल्लं होतं. तरी पक्षकारं आले. उमरखेडाकडून एक बाई आली, कडेवर पोरगं. तिच्या नवऱ्याचंही तेच म्हननं, होम नाही, पावलं नाही.

यावेळी त्यानं आमच्या वस्तीतली आठ मानसं साक्षीले नेली, पद्धत सांगाले. बुढे, बुढ्या. त्यात माही भाची. एकेकाले दोन-दोन दिवस बसवून आयकलं, उलटे सवाल स्वतःच विचारले. म्या म्हनलं, "वकीलसाहेब, मीही येऊ?" मी आता त्याले साहेब म्हनो.

तो म्हने, "या ना काका. कडुनिंबाखाली बसा. चहा कोनाचा पिऊ नका."

मी बसलो. चहा नाही पेलो. पोट्टी माह्यापासी होती, आता शाळेत जाऊन राह्यली होती, पाटीवर काहीबाही काढत होती. घंट्याभरानं भाची बाहेर आली अन् पाराच्या दुसऱ्या टोकाले बसली. पायातली धूळ झटकली.

म्या विचारलं, "काय विचारलं गं?"

"तुले विचारलं होतं तेच."

"मंग?"

"म्या म्हनलं, नाही झाली पावलं."

त्या उमरखेडच्या बाईचं लग्न कोर्टानं मानलं. भाचीचा कागद तिच्या पेटीत हाय. त्याच्यावर जे लिहेल हाय, ते मी आता वाचू शकतो.