हरणाक्काची माघारी

आमच्या गावात अजून सांगतात की हरणाबाईनं सोन्याच्या बोरमाळेवर सरपंचकीचा अर्ज माघारी घेतला. चावडीवर तर बोरमाळेचे मणीसुद्धा मोजून झालेत. मी तिचा शेजारी, मधे फक्त एक कुडाची भिंत, तेव्हा मला विचारा. तिच्या गळ्यात आजही काळी पोतच आहे. हरणाक्काची सरपंचकी गेली ती कपभर चहावर. आणि चहासुद्धा तिच्याच घरचा.

गाव आमचं जतच्या कोरड्या बाजूला. इकडे बायकांची अर्धी भांडणं कन्नडात होतात आणि टँकर आला की सगळी भांडणं थांबतात. हरणाक्का मेंढरांमागं चालून साठीला आलेली. गेली सहा-सात वर्षं कळप बारा महिने गावातच असतो, पण पाय चालत होते तोवर दसरा झाला की ती आणि नानासो, म्हणजे तिचा नवरा, कळप घेऊन सांगलीच्या बाजूला कृष्णाकाठी उतरायचे, उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि मिरगाच्या आत परत फिरायचे. या परत फिरण्याला ती 'माघारी' म्हणते. "माघारीच्या वाटंला मेंढराला हाकावं लागत न्हाई, अर्जुना," असं ती मला सांगायची. "म्होरची मेंढी वळली की माज्या पायाचं दुखणंच पळायचं." तिच्या तोंडी तो शब्द गुळासारखा होता. या शब्दात पराभव असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

ते कचेरीनं सांगितलं, चार वर्षांपूर्वी.

सरपंचपद बायकांसाठी राखीव पडलं. मानसिंगरावांनी, म्हणजे आमच्या गावच्या मोठ्या घरानं, सून संयोगिताचा अर्ज भरला. कुणी आडवं जाणार नाही, हे धरूनच चाललं होतं. तर हरणाक्का उठली आणि तिनंही अर्ज भरला! कारण एकच. तळ्याकडे जाणारी मेंढरांची वाट मानसिंगरावांच्या रानाच्या कडेनं जाते, आणि त्यांना तिथं डाळिंब लावून तारेचं कुंपण घालायचं होतं. वाट बंद झाली तर कळपाला दीड कोसाचा वळसा. उन्हाळ्यात गाभण मेंढी तेवढं चालत नाही, वाटेतच बसते.

मी तिची टिंगल करायची सोडली नाही. "अक्का, सरपंच झालीस की माजी घरपट्टी माफ कर."

"तुजी दुप्पट करते. तुज्या जिभंवर येगळी पट्टी बसवते."

छाननीत अर्ज टिकला आणि मोठ्या घराचं धाबं दणाणलं. मेंढक्यांची घरं मोजली तर निम्मं गाव. मग माघारीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी आठला, मानसिंगराव स्वतः सात-आठ जणांना घेऊन तिच्या दारात आले.

आता हे नीट समजून घ्या. ह्या माणसांनी उभ्या जन्मात तिच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. मेंढरांचा वास येतो म्हणून नाक दाबून रस्त्यानं जाणारी मंडळी. ती आली आणि तिच्या घोंगड्यावर मांडी घालून बसली. हरणाक्काची नुसती धांदल. कुडावरनं मला हाक, "आरं, कप दे तुज्या घरचं, माज्याकडं दोनच हायती!" मी आठ कप घेऊन धावलो. निळ्या फुलांचे होते, आमच्या मंगलला माहेराहून आलेले. मीच भरले, मीच वाटले, वर दोन विनोद केले. अक्कल तेवढीच.

मानसिंगरावांनी बशीत ओतून चहा संपवला आणि म्हणाले, "आक्का, गाव बिनविरोध झालं तर गावाची इज्जत ऱ्हाती. वाट तुमचीच हाय, तिला कोण हात लावतंय?"

नानासोनं एकदा विचारलं, "कागदावर द्या की तेवढं."

हरणाक्कानंच त्याला गप्प केलं. "घरात बसून च्या पिल्यावर मानूस खोटं बोलतंय व्हय?"

तिला जीपच्या पुढच्या सीटवर बसवून तालुक्याला नेलं. मी माझ्या मोटारसायकलवर मागनं, गंमत बघायला. दोनच्या सुमाराला तिनं माघारीच्या कागदावर अंगठा दिला. बाहेर आलो तर जीप नव्हती. संयोगिताला हार घालून मिरवणूक गावाकडे निघून गेली होती. फाटकात गुलाल सांडलेला आणि हरणाक्का त्याच्याकडे बघत उभी. मला वाटलं, रडेल. ती सरळ परत आत गेली.

खिडकीतल्या बाबूला म्हणाली, "सायेब, मगाचा माजा कागद माघारी द्या."

बाबू बिचारा सभ्य होता. "आजी, माघारी घेतलेला अर्ज परत उभा करता येत नाही. कायदाच तसा आहे."

"आवं, आजून तीन वाजलं न्हाईत."

"तीनला मुदत संपते ती माघारी घ्यायची. माघारी रद्द करायची मुदतच नसते."

ती समजल्यासारखी मान हलवत राहिली. जीपच्या पुढच्या सीटवर बसून गेलेली बाई माझ्या मोटारसायकलवर मागे बसून वीस किलोमीटर परत आली.

दिवाळीच्या आत वाटेवर तारेचं कुंपण उभं राहिलं. हरणाक्का मोठ्या घरी विचारायला गेली, तर मानसिंगराव 'आंघोळीला' गेले होते. चार वेळा गेली, चारही वेळा आंघोळच. गावात पाण्याचा टँकर आठवड्याला येतो, ते कसं जमवत होते कोण जाणे. पहिल्या उन्हाळ्यात वळशाच्या वाटेवर तिच्या अकरा मेंढ्या गेल्या. नानासोनं निम्मा कळप काढून टाकला.

त्या सकाळी माझ्या तोंडून तेवढं एकच, "अक्का, थांब," निघालं असतं तर? नानासोनं कागद मागितला तेव्हा मी साखर पुरते का ते बघत होतो.

परवा मंगल म्हणाली, "पाव्हणं यायचं हायती, ते निळं कप आना की." चार वर्षं मी मागितले नव्हते, लाज वाटत होती. गेलो. आठही कप फळीवर ओळीनं पालथे, घासूनपुसून ठेवलेले, एकाचाही कान फुटलेला नाही. त्या दिवसानंतर त्यातून कुणी प्यायलंच नव्हतं. मी आपलं नेहमीचं तोंड वाजवलं, "काय अक्का, परत कोन यायची वाट बघतीस व्हय?"

तिनं चुलीवर आधण ठेवलं आणि म्हणाली, "कप ने की. पर आदी बसून च्या पी. त्या दिवशी समद्यांनी पिला, तू नुसता कप वाटत फिरलास. मेंढरं यायला लय येळ हाय, लांबनं येत्यात आता."