केळीच्या पानातल्या चोवीस पुड्या

आमच्या रहाटाचा बैल मेला तेव्हा मी सातवीत होते. पानवेलीला रोज पाणी लागतं. थोडे दिवस चुकले की ती मान टाकते, आणि मग विहीर उपसून घातली तरी उठत नाही. बाबांनी आणि आईने हाताने पाणी ओढून पाहिलं. दोघांच्या तळव्यांची सालं निघाली आणि वेल गेली ती गेलीच. आमच्या गास गावात विड्याच्या पानांच्या वाडीवर जगणारी घरं पुष्कळ, पण त्या साली बैलावाचून बसलेलं घर आमचंच. भात होता तो पेजेपुरता. सकाळी पेज, रात्री पेज, कधी तांदळाची भाकरी, आणि कोणी हातावर ठेवलं तर केळं.

बाबा दुसऱ्यांच्या वाड्यांत पानं खुडायला आणि बांधायला जाऊ लागले. आई वांद्र्याला एका परदेशी कुटुंबात आया म्हणून राहायला गेली. मी पुढे बी.ए. झाले, आमच्या घराण्यात पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. लोक म्हणतात, तुम्ही लहानपणी फार सोसलंत. असेल. पण मला त्या दिवसांतला आठवतो तो गोंधळ. आई गेली आणि घरात कुठली वस्तू कुठे असते हे कोणालाच कळेना. मीठ सापडलं तर आगपेटी सापडत नसे. बाबा चुलीपुढे उभे राहून मला विचारत, "बाय, पेजेत पानी आधी की तांदूळ?" आणि मलाही खात्रीने सांगता येत नसे.

(घरी आम्ही आमची बोली बोलत असू. ती तशीच लिहिली तर चार गावांबाहेर कोणाला कळायची नाही, म्हणून इथे सोपी करून लिहिते.)

धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. आई निघाली तेव्हा त्याने विचारलं, "परत कधी येनार?" ती म्हणाली, "मधे एखाद्या रविवारी तोंड दाखवून जाईन. राहायला येईन ती नाताळला." नाताळ म्हणजे काय ते त्याला माहीत होतं, किती लांब ते माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ताटली पुढे आली की तो विचारी, "उद्या नाताळ?" नाही म्हटलं की ताटली सरकवून भिंतीकडे तोंड करून बसे. महिनाभरात त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. शेजारची मावशी त्याला बघून बाबांना म्हणाली, "पोर नाताळपर्यंत टिकवायचंय ना तुला? मग कायतरी कर." काय करायचं ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आई दोन तासांसाठी आली. तिनेच ती गोष्ट काढली.

"मडमच्या पोरांकडं एक पुठ्ठ्याचं घर आहे," ती म्हणाली. "त्याला चोवीस खिडक्या. रोज एकच खिडकी उघडायची. सगळ्या उघडून झाल्या की नाताळ. पोरं आतापासून त्याच्यासाठी नाचतायत."

"खिडकीत काय असतं?" मी विचारलं.

"चित्र. मागच्या सालचं घर मडमनं दाखवलं. एका खिडकीत बदक होतं, एका खिडकीत शिट्टी."

"बदकाचा आणि येशूच्या जन्माचा काय संबंध?"

"मला काय विचारतेस? माझे हात साबणात होते. लांबून बघितलं मी."

बाबा विडी ओढत होते. ते म्हणाले, "खिडकी उघडायला आधी भिंत पायजे. पुठ्ठा आपल्याकडं नाय. आनि रोज एकच उघडायची, हे त्या पोरांना ऐकवतं कोन?"

"मडम."

"मग इथं मडम कोन?"

आई हसली, भावाला मांडीवर घेऊन बसली, आणि टांगा आला तशी निघून गेली. भाऊ रडला नाही. एवढंच म्हणाला, "मला खिडक्या पायजेत."

आमच्याकडे केळीची वाळकी पानं मात्र हवी तेवढी होती. विड्याची पानं बाजाराला पाठवताना करंडीला आतून तीच लावतात. वाळकं पान तसंच दुमडलं तर फाटतं. आधी पाण्यात घालायचं, मऊ झालं की फडक्याने पुसायचं, मग ते कापडासारखं वळतं. बाबांचा हात त्यात बसलेला. त्यांनी खिडक्यांचा नाद सोडला आणि त्या पानांच्या चोवीस चौकोनी पुड्या बांधल्या. वरून केळीच्या खोडाच्या सोपटाची दोरी, आणि गाठ अशी की एक टोक ओढलं की पुडी हातात उलगडावी. पडवीत एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत काथ्या बांधला आणि पुड्या ओळीने लटकावल्या. आमची पडवी दुकानासारखी दिसू लागली. रस्त्याने जाणारा एक माणूस खरंच आत येऊन विचारून गेला, काय विकता.

आत घालायला आम्हाला जे फुकट मिळालं ते. गुंजा, एक सागरगोटा, अर्नाळ्याच्या कोळणीकडून मागून आणलेला शिंपला, फुटक्या बांगडीची निळी काच (तिच्या कडा मी दगडावर घासल्या), आगपेटीवरचं वाघाचं चित्र, देवळातल्या मेणबत्तीचं ओघळलेलं मेण, माडाच्या पातीची पिपाणी, पोपटाचं पीस. काहींत शेंगदाणे, काहींत चिंचेचा गोळा. चार-पाच पुड्यांत गुळाचा खडा घालायचं ठरलं आणि तिथे मावशीने अडवलं.

"आगमनकाळात गोड? नाताळच्या आधीचे हे चार आठवडे उपासाचे. फादर जांभळा झगा घालून उभे राहतात तो कशासाठी? आनि तुम्ही पोराला रोज गूळ चारनार?"

बाबा गोंधळले. मीही. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पहिल्या बाकावर बसत असे आणि मावशी म्हणत होती ते बरोबर होतं. पण मडमही ख्रिस्तीच होती, आणि तिची मुलं एकेक खिडकी उघडून मजा करणार होती. मग आगमनकाळ नक्की कशाचा, पोट मारायचा की मजा करायचा? बाबा टोपी हातात घेऊन फादरांकडे गेले. मी बरोबर होते.

फादरांनी सगळं ऐकून घेतलं. "असलं काही मी पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "पुठ्ठ्याचं घर म्हणता?"

"आमचं पानांचं आहे, फादर."

"मुलगा जेवतो का?"

"नाय जेवत."

"मग उपास तो करतोच आहे. गूळ घाला."

बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "म्हनजे हो म्हनले की नाय म्हनले?" मी म्हटलं, हो म्हणाले. गूळ पुड्यांत गेला.

आता प्रश्न, सुरुवात कधी करायची. आईने दिवस सांगितला नव्हता. पण त्यात विचारायचं काय होतं? आगमनकाळाचा पहिला रविवार देवळात पुकारतात, आणि तो त्या वर्षी नोव्हेंबरातच पडला. मडम ख्रिस्ती, वस्तू नाताळची, तेव्हा ती आगमनकाळाबरोबरच सुरू होणार, याबद्दल घरात कोणालाही शंका नव्हती. मावशीलासुद्धा नव्हती. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, झाली, घरी येऊन पेज झाली, आणि भावाने पहिली पुडी ओढली. गुंजा निघाल्या.

बाबांनी नियम एकच केला होता. ताटली रिकामी झाली की पुडी. पहिल्या दिवशी भावाने पेजेकडे पाहिलं, काथ्याकडे पाहिलं, आणि जेवला. दुसऱ्या दिवशी जेवला. "उद्या नाताळ?" हे विचारणं थांबलं. त्याऐवजी तो काथ्याखाली उभा राहून पुड्यांना बोट लावत जाई आणि म्हणे, "एवढ्या झाल्या की आई." त्याचे गाल वर येऊ लागले. मावशी रोज काहीतरी निमित्त काढून यायची आणि आज काय निघालं ते बघून जायची. एकदा म्हणाली, "माझ्या पोरांनी माझं डोकं खाल्लंय. मला पन बांधून दे रे दहा-बारा." बाबांनी बांधून दिल्या.

शाळेत फळ्यावर रोज तारीख लिहीत. एके दिवशी मी ती पाहिली, आणि घरी येऊन काथ्यावरच्या पुड्या मोजल्या. पुड्या कमी होत्या. नाताळ जितका लांब होता तितक्या पुड्या उरल्या नव्हत्या.

बाबांना अंगणात बोलावून मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं, परत मोजलं. "तीन दिवस कमी पडतात ते खाल्ले कोनी?" ते म्हणाले. मग खूप विचार करून, "बाय, त्यांचा नाताळ आधी असेल काय? परदेशी लोक. त्यांचं सगळंच येगळं."

"नाताळ सगळ्या जगात एकच असतो, बाबा."

"तुला कोनी सांगितलं?"

मला वाटत होतं की मी बरोबर आहे, पण बाबांच्या तोंडाकडे पाहून ती खात्री पातळ होत गेली. वस्तू मडमच्या घरची, आकडा मडमच्या घरचा, तो कसा चुकेल? कदाचित आई खरंच आधी येणार असेल. आणखी तीन पुड्या बांधाव्यात तर भाऊ काथ्यावरची प्रत्येक पुडी ओळखत होता. आम्ही दोघांनी काहीच केलं नाही. करायचं काय तेच ठरेना.

शेवटच्या पुडीत पिपाणी होती. भावाने ती वाजवली, चांगला सदरा मागून घेतला आणि रस्त्याच्या वळणावर, क्रुसाच्या पायरीवर जाऊन बसला. नालासोपाऱ्याहून येणारे टांगे तिथेच थांबत. मी त्याच्या शेजारी बसले. टांगा आला, त्यातून दोन बाया आणि भाजीच्या रिकाम्या पाट्या उतरल्या. पुढच्या टांग्यातून कोणीच उतरलं नाही. टांगेवाल्याने विचारलं, "कोनाची वाट बघतोस रे नवरदेवा?" तो म्हणाला, "आईची. पुड्या संपल्या." टांगेवाल्याला काय कळणार? त्याने माझ्याकडे पाहिलं. मला तरी कुठे काय कळत होतं?

अंधार पडायला लागला तेव्हा बाबांनी त्याला उचलून आणलं. त्याने ताटलीला हात लावला नाही. "तू खोटा आहेस," तो बाबांना म्हणाला. बाबांनी समजावलं की नाताळ अजून तीन दिवसांनी आहे. तो म्हणाला, "मग पुड्या कशाच्या होत्या?" बाबांनी त्याचा चांगला सदरा उतरवून घडी करून ठेवला. आगमनकाळ रविवारीच सुरू होतो. त्यात आमची चूक नव्हती आणि मी ती कधी मान्यही करणार नाही.

सकाळी पुन्हा तेच. भाकरी समोर, तोंड भिंतीकडे. मावशी येऊन दोन शब्द बोलून गेली, उपयोग झाला नाही. बाबा कामावर गेले नाहीत. ते पडवीत रिकाम्या काथ्याखाली येऊन बसले. मग त्यांनी केळीचं एक वाळकं पान पाण्यात घातलं.

"आईनं एक तरी पुडी उघडली काय?" ते भिंतीला उद्देशून बोलावं तसं बोलले.

भावाने भिंतीचा पोपडा नखाने काढला.

"चोवीसच्या चोवीस तूच उघडल्यास. ती येईल तेव्हा काय उघडनार?"

भाऊ वळला. "तिला काय घालायचं?"

"तूच सांग."

त्याने विचार केला. "आई तिकडं जेवते काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कोण जाणे. खरंच माहीत नव्हतं.

"मग तिला भाकरी घालू," भाऊ म्हणाला आणि आपल्या ताटलीतली अख्खी भाकरी उचलू लागला. बाबांनी हात धरला. "सगळी घातलीस तर ती रागवेल. अर्धी तू खा, अर्धी तिची." भाऊ घोटाळला. त्याला खायचं नव्हतं, पण पुडी बांधायची होती. शेवटी त्याने भाकरी मोडली, अर्धी खाल्ली, आणि अर्धी भिजलेल्या पानात ठेवून बाबांनी दाखवली तशी गाठ मारली. गाठ सैल होती. बाबांनी ती तशीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी एक पुडी, नाताळच्या सकाळी आणखी एक. तिन्ही वेळा तो स्वतःची अर्धी भाकरी खाऊनच उठला.

आई नाताळला आली, पण दुपारी. आदल्या रात्री मडमकडे पाहुणे होते, तिला सोडलं नाही. टांग्यातून उतरली तेव्हा तिच्या हातात केकचा डबा होता, आणि भाऊ तो डबा ढकलून तिच्या पोटाला चिकटला.

पुड्यांची हकीकत ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. "अगं, ते एक तारखेपासून असतं! डिसेंबरच्या."

"मग सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. रोज देवळात जाता तुम्ही."

"एक तारखेपासून का? त्या दिवशी काय असतं?"

"मला काय ठाऊक!"

भावाने तिन्ही पुड्या तिच्या मांडीवर ठेवल्या. तिने एकेक टोक ओढलं. पहिली अर्धी भाकरी कडक होऊन गेली होती, दुसरी वातड, तिसरी बरी. एवढ्या लांबून आलेल्या बाईसाठी कोणी भाकरी का बांधून ठेवावी हे तिला कळेना. ती आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "त्याच्या ताटलीतल्या अर्ध्या आहेत," बाबा म्हणाले. मग तिने विचारायचं सोडलं. मावशीने मटणाचं कालवण पाठवलं होतं, त्यात ते तिन्ही तुकडे भिजवले आणि आधी ते खाल्ले.

त्या दुपारी आम्ही चौघे एका ओळीत बसून जेवलो, आणि भावाने दोनदा भात मागून घेतला.