सणाच्या दिवशी हत्याराला हात नाही

संत योसेफ स्वतः सुतार, म्हणून सुतारांचे वाली. त्यांच्या सणाला सुतारानं हत्याराला हात लावायचा नाही, हा सुतारआळीचा दंडक. एरवी गिऱ्हाइकांना तारखांवर तारखा देणारा आपला सुतार हा नियम मात्र काटेकोर पाळायचा. काम न करण्याची सवय अंगवळणी पडलेलीच होती म्हणा.

यंदा संतांचा पुतळा खांद्यावरून न्यायची पालखी त्यानं नवी केली होती, आणि पालखी करणाऱ्यानं मिरवणुकीत पुढे झेंडा धरायचा, अशी रीत. आठ दिवस स्वारी हवेत होती.

मिरवणुकीला तास उरला आणि पुतळा चढवायच्या आधीच पालखीचा दांडा सांध्यातून निखळला. दुरुस्त करावा तर नियम मोडतो, नाही करावा तर झेंडा जातो. चर्चमागच्या खोलीत बिचारा डोकं धरून बसला.

"तुम्ही हात लावू नका," बायको म्हणाली. "तोंडानं सांगा, मी करते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तेवीस वर्षं तुमचा भुसा झाडतेय, तेवढं तरी कळत असेल."

"बरं, आधी सरस लाव."

"तासाभरात वाळणार कधी तुमचा सरस?"

तिनं खाच नीट केली, पातळ पाचर तासली आणि चार घावांत ठोकून बसवली. "अगं, हळू" यापलीकडे त्याला बोलायला जागाच ठेवली नाही.

झेंडा हाती द्यायचं काम आळीतल्या थोरल्या सुताराचं. म्हाताऱ्याला नवी पाचर दिसली, त्यानं दांडा हलवून पाहिला.

"मूळ कामापेक्षा हे पक्कं आहे. आज कोणी केलं?"

'मी' म्हणावं तर नियम मोडला, 'बायकोनं' म्हणावं तर अब्रूचा पंचनामा. पण समोर साक्षात संत. खोटं बोलायला जीभ वळेना.

"हिनं," तो कसाबसा म्हणाला.

"मग झेंडा हिचा."

"अहो, पण सणाच्या दिवशी काम केलंय तिनं," सुतारानं शेवटचा डाव टाकून पाहिला.

"नियम सुतारांना. ही आजपासून सुतार. पुढच्या वर्षी पाळेल."

झालं. बायको झेंडा घेऊन पुढे, नवरा मागे. पहिल्या वळणापर्यंत त्यानं तोंड फुगवलेलं होतं, मेल्यासारखा पाय ओढत होता. दुसऱ्या वळणावर कोणीतरी विचारलं, "पुढे ती बाई कोण हो?"

"माझी बायको. सांधा तिनं बसवलाय," तो म्हणाला. आणि मग ज्यांनी विचारलं नव्हतं, त्यांनाही थांबवून थांबवून सांगत सुटला.